ओल भिंतीत होती, दोष माणसांना दिला

पावसाळ्याचे दोन महिने उलटले की वस्तीतल्या दवाखान्यात एक ठरलेले दृश्य दिसते. पाच-सहा वर्षांचे पोर, छातीत घरघर, रात्रभर खोकला, आणि सोबत जागरणाने डोळे सुजलेली आई. डॉक्टर वाफ देतात, पंप लिहून देतात आणि विचारतात, "घरात ओल आहे का?" आई म्हणते, "आहे ना. पलंगामागची सगळी भिंत काळी पडलीय." डॉक्टर सांगतात, "मग पोराला तिथे झोपवू नका." दहा बाय बाराच्या खोलीत दुसरे कुठे झोपवायचे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. औषध घेऊन ते पोर रात्री त्याच भिंतीला लागून झोपते.

हीच आई तक्रार घेऊन बिल्डरच्या माणसाकडे किंवा कचेरीत गेली तर काय ऐकायला मिळते? "तुम्ही लोक खिडक्या उघडत नाही. घरातच कपडे वाळत घालता. एका खोलीत आठ-आठ जण राहता. ओल येणारच!"

मित्रांनो, हे उत्तर काही आपल्याच बाबूंनी शोधून काढलेले नाही. ब्रिटनमध्ये गरिबांच्या घरांत राहणाऱ्या आयांना ते निदान पन्नास वर्षे दिले गेले. ते खोटे ठरवायला भाडेकरूंना लढावे लागले, संशोधकांना घरोघरी फिरावे लागले, आणि शेवटी दोन वर्षांच्या एका मुलाचा जीव गेल्यावर तिथे कायदा झाला. तो इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण तेच उत्तर घेऊन समोर बसलेल्या माणसाशी आपल्याला भांडायचे आहे.

ग्लासगो आणि परळ

सुरुवात ग्लासगोपासून करू. स्कॉटलंडमधले हे कारखान्यांचे आणि जहाजबांधणीचे शहर. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून पोटासाठी लोक इथे आले आणि अंधाऱ्या, कोंदट इमारतींत कोंबले गेले. साथी यायच्या, माणसे मरायची. १८६६ साली कायदा करून तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा खेळवायची, हे त्याचे काम.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ साली इथेही सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि त्याच्यासमोर ग्लासगोचा नमुना होता. या ट्रस्टने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या पोयबावडीतली जी बी.आय.टी. चाळ आपण बाबासाहेबांचे घर म्हणून ओळखतो, ती याच ट्रस्टची. १९१२ ते १९३४ एवढा काळ त्यांचे कुटुंब तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिले. म्हणजे ग्लासगोचा घरांचा इतिहास आणि आपला इतिहास तिथपासूनच जोडलेला आहे.

या ट्रस्टवाल्यांना एक गोष्ट कळली होती. रोग फक्त माणसाच्या शरीरात नसतो, तो घराच्या भिंतीत आणि हवेतही असतो. पण त्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की जुने पाडले आणि नवे बांधले की काम झाले. ते किती चूक होते हे पुढे ग्लासगोनेच दाखवले.

गोर्बल्सच्या नव्याकोऱ्या इमारती

गोर्बल्स हा ग्लासगोचा कामगार भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जुन्या इमारती पाडून नगरपालिकेने नवी घरे बांधायला घेतली. त्यातला एक प्रकल्प म्हणजे हचसनटाउन ई. 'ट्राकोबा' नावाच्या फ्रेंच पद्धतीने, कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तयार तुकडे जोडून ही घरे उभी केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोक तिथे राहायला आले. नवे घर, स्वतःची न्हाणी, गरम पाणी. लोक खूश होते.

काही हिवाळ्यांतच भिंती काळ्या पडल्या. कपाटातले कपडे कुबट वासाचे झाले, गालिचे कुजले, गाद्यांना बुरशी धरली. मुले सतत खोकू लागली. लोकांनी या घरांना नावच पाडले 'डॅम्पीज', म्हणजे ओलीची घरे.

नगरपालिकेचे उत्तर तयार होते: ही ओल नाही, ही वाफ आहे. तुम्ही स्वयंपाक करता, कपडे वाळवता, खिडक्या बंद ठेवता, हीटर लावत नाही. म्हणून वाफ भिंतीवर साचते. राहणी सुधारा.

हे उत्तर नीट तपासले पाहिजे, कारण त्यात अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे फार घातक असते. घरातल्या हवेत बाष्प असते हे खरे. माणूस श्वास घेतो, भात शिजवतो, अंघोळ करतो. ही हवा थंड भिंतीला लागली की तिच्यातले पाणी भिंतीवर उतरते, थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब येतात तसे. पण भिंत इतकी थंड का? कारण काँक्रीटच्या त्या तुकड्यांत थंडी अडवणारा पुरेसा थर नव्हता. हीटर का लावत नाहीत? कारण विजेचे बिल कामगाराच्या पगाराला परवडत नव्हते. खिडकी का उघडत नाहीत? कारण बाहेर बर्फ पडतोय आणि आत तापवलेली थोडीशी ऊब निघून जाते. भिंत कशाची, तापवायचे कशाने, खोली केवढी, यातले काहीही भाडेकरूने ठरवलेले नव्हते. त्याच्या हातात फक्त श्वास घेणे होते, आणि दोष त्यालाच दिला गेला!

१९७५ च्या सुमारास गोर्बल्सच्या भाडेकरूंनी ओलविरोधी मोहीम सुरू केली. सभा घेतल्या, घराघरांतल्या ओलीची मोजदाद केली, तज्ज्ञ आणले, आणि शेवटी भाडे रोखून धरले. हळूहळू इमारती रिकाम्या झाल्या. १९८७ साली हचसनटाउन ई पाडून टाकण्यात आले. पंधरा-सोळा वर्षांत नवी इमारत जमीनदोस्त! जी घरे नगरपालिकेच्या म्हणण्याप्रमाणे लोकांच्या राहणीमुळे खराब झाली होती, ती तिने स्वतःच पाडली. राहणीच वाईट असती तर माणसे बदलून इमारत वाचली असती की नाही?

ग्लासगोच्याच ईस्टरहाउस भागात कॅथी मॅकॉरमॅक नावाची एक आई पुढे आली. तिची मुले ओलीच्या घरात वारंवार आजारी पडत. ती आणि तिचे शेजारी वास्तुतज्ज्ञांना सोबत घेऊन नुसती तक्रार करत राहिले नाहीत, तर घर कसे दुरुस्त व्हायला हवे याचा आराखडाच त्यांनी मांडला. पुढे तिथल्या काही घरांना ऊब धरून ठेवणारे आवरण आणि सौरऊर्जेची जोड मिळाली, घरे कोरडी झाली आणि तापवण्याचा खर्चही उतरला. म्हणजे त्याच राहणीची माणसे त्याच जागी राहिली, आणि भिंत बदलल्यावर ओल गेली.

"आई सांगते म्हणून मानायचे का?"

आता प्रश्न आला पुराव्याचा. आया सांगत होत्या की ओलीमुळे मुलांची छाती भरते. तज्ज्ञ म्हणत होते, हे त्यांना वाटते. हा संशय अगदीच निराधार नव्हता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू. १९८८ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी एडिनबरोच्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ओलीच्या घरातले पालक मुलाच्या छातीत घरघर असल्याचे जास्त सांगत होते. पण मुलांना पळवून श्वासाची मोजणी केली तेव्हा तेवढा फरक दिसला नाही. ओलीने त्रासलेला पालक खोकल्याकडेही जास्त लक्ष देतो का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, स्टीफन प्लॅट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी ग्लासगो, एडिनबरो आणि लंडनमधल्या सरकारी वसाहतींतली ५९७ कुटुंबे घेतली. युक्ती साधी होती. घरातली ओल तपासणारे लोक वेगळे, आणि आरोग्याचे प्रश्न विचारणारे वेगळे. एकाने काय टिपले ते दुसऱ्याला माहीत नाही. उत्पन्न, बेकारी, धूम्रपान, गर्दी या सगळ्याचा हिशेब वेगळा काढला. तरीही ओल आणि बुरशी असलेल्या घरांतल्या मुलांत घरघर, खोकला, ताप, डोकेदुखी जास्त निघाली. ओल जितकी जास्त, तितका त्रास जास्त.

चळवळीतल्या मुलामुलींनी इथे थोडे थांबावे. आपल्याकडे अनुभव भरपूर असतो, पण तो नोंदवलेला नसतो. विरोधी संशोधन समोर आले की आपण चिडतो. ग्लासगोच्या बाजूने झालेले काम बघा. संशयाला शिवी न देता त्याला पुरून उरेल असा पुरावा गोळा केला.

औषधाच्या बजेटमधून घर दुरुस्ती

ओलीने त्रास होतो एवढे सिद्ध झाले. पण ओल काढली तर मूल बरे होते का? याचे उत्तर शोधायला १९९० च्या दशकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल जिल्ह्याने एक वेगळी गोष्ट केली. तिथल्या आरोग्य प्राधिकरणाने आपले ३ लाख पौंड दवाखान्यावर खर्च न करता स्थानिक परिषदांना दिले आणि सांगितले, दम्याची मुले असलेल्या ओलसर घरांत तापवण्याची व्यवस्था बसवा. ५९ घरांतल्या ७२ मुलांची आधीची आणि नंतरची स्थिती तपासली. रात्रीचा खोकला कमी झाला. दम्यामुळे बुडणारी शाळा १०० दिवसांत ९.३ दिवसांवरून २.१ दिवसांवर आली. इतर कारणांनी बुडणाऱ्या शाळेत मात्र तसा फरक पडला नाही.

या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा. ती पुढे वेल्समधल्या रेक्सम इथे भरून निघाली. तिथे मध्यम ते तीव्र दम्याच्या मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. एका गटाच्या घरांत हवा खेळती ठेवणारी यंत्रणा आणि गरजेप्रमाणे तापवण्याची सोय बसवली. त्या गटातली १७ टक्के मुले तीव्र दम्यातून मध्यम दम्यात आली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३ टक्के होते. खर्च सरासरी १,७१८ पौंड, एका मुलामागे.

न्यूझीलंडमध्ये फिलिपा हाउडन-चॅपमन यांच्या गटाने दमा असलेल्या ४०९ मुलांच्या घरी चांगले हीटर बसवून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसाच्या क्षमतेच्या मोजणीत ठळक सुधारणा दिसली नाही. पण रात्रीचा खोकला आणि घरघर कमी झाली, शाळा कमी बुडली, डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीबद्दल स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

म्हणजे घर दुरुस्त केल्याने दमा मुळापासून जातो असा दावा कुणी करू नये. दम्याची कारणे अनेक असतात. पण पोर रात्री झोपते आणि सकाळी शाळेत जाते. गरिबाच्या मुलासाठी ही किती मोठी गोष्ट आहे हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. शिकण्यासाठी आधी वर्गात पोचावे लागते.

रॉचडेलचा अवाब

एवढे सगळे सिद्ध झाल्यावर तरी ते जुने उत्तर बंद व्हायला हवे होते. झाले नाही.

मँचेस्टरजवळच्या रॉचडेल शहरात सुदानमधून आलेले एक कुटुंब गृहनिर्माण संस्थेच्या एका शयनगृहाच्या घरात भाड्याने राहत होते. वडिलांनी २०१७ साली पहिल्यांदा बुरशीची तक्रार केली. वरून रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांना मुलगा झाला, अवाब इशाक. त्याला श्वासाचा त्रास सुरू झाला. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यानेही घराबद्दल काळजी कळवली. वडिलांनी वकिलामार्फत दावा केला, तर दावा चालू असताना दुरुस्ती पुढे सरकेना. २१ डिसेंबर २०२० रोजी, दुसरा वाढदिवस होऊन आठच दिवस झाले असताना, अवाब गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निर्णय दिला की घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे त्याच्या श्वासमार्गाला झालेल्या विकाराने हा मृत्यू झाला.

या चौकशीत जे बाहेर आले ते आपण फार लक्ष देऊन वाचले पाहिजे. संस्थेने बुरशीचे कारण या कुटुंबाच्या 'राहणी'त शोधले होते. त्यांच्या अंघोळीच्या पद्धतीबद्दल, ते बादलीने अंघोळ करतात आणि धार्मिक रीतीने करतात म्हणून ओल येते, अशा समजुती धरून ठेवल्या होत्या. नंतर संस्थेने मान्य केले की राहणीबद्दल आपण गृहीत धरले आणि ते चूक होते. बादलीने अंघोळ! आपल्या देशातली कोट्यवधी घरे याच न्यायाने दोषी ठरतील.

गोर्बल्समध्ये गोऱ्या कामगाराला सांगितले होते की तू खिडकी उघडत नाहीस. रॉचडेलमध्ये काळ्या स्थलांतरिताला सांगितले की तू अंघोळ चुकीची करतोस. या वाक्याचा तिसरा अवतार आपण जन्मापासून ऐकतो. गावाचे पाणी जिथे उतरते तिथे, गावकुसाबाहेर, आपल्याला बसवायचे. पाण्याला हात लावू द्यायचा नाही. आणि मग म्हणायचे, हे लोक अस्वच्छ असतात. आधी माणसाला वाईट जागी कोंडायचे आणि नंतर ती जागा त्याच्या स्वभावाचा पुरावा म्हणून दाखवायची, ही रीत वर्गाच्या, वंशाच्या आणि जातीच्या राजकारणात एकच आहे.

अवाबच्या आईवडिलांनी मात्र गप्प बसायचे नाकारले. २०२३ च्या सामाजिक गृहनिर्माण कायद्यात त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत कारवाई करायची. ओल-बुरशीचा गंभीर धोका कळवला तर १० कामाच्या दिवसांत तपासणी आणि त्यानंतर ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचे. तुमची राहणी कशी आहे, हा प्रश्न आता पहिला राहिलेला नाही. घड्याळ घरमालकाच्या नावाने सुरू होते.

आपण यातून काय घ्यायचे?

ब्रिटनचा उपाय जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तिथली ओल थंडीची, आपली पावसाची. मुंबईत हीटर बसवून काही होणार नाही. आपल्याकडे भिंत ओली होते ती गच्चीच्या गळतीने, वरच्या मजल्याच्या संडास-मोरीच्या पाझराने, फुटलेल्या ड्रेनेजच्या पाइपाने आणि ती वाळत नाही कारण दोन इमारतींमध्ये ऊन आणि वारा शिरायला जागाच सोडलेली नसते. गोवंडी-मानखुर्दच्या तीन पुनर्वसन वसाहतींवर झालेल्या अभ्यासात ऊन आणि हवा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवरच्या घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध समोर आला आहे. तो अभ्यास क्षयाचा आहे, दम्याचा नाही. पण हवा कोंडलेली खोली पोराच्या छातीला काय करते हे समजायला तो पुरेसा आहे. चाळ पाडून टॉवर उभा राहिला म्हणजे आरोग्य आले, हा १८९८ चाच भ्रम आहे आणि हचसनटाउन ई त्याचे उत्तर आहे. पुनर्विकासाच्या वाटाघाटीत आपण चटई क्षेत्रावर रात्र-रात्र भांडतो. खिडकीसमोर किती फूट मोकळी जागा राहील, हे किती जणांनी विचारले?

कायद्याचा आधार आपल्याकडेही आहे. चमेली सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि निवारा म्हणजे नुसते डोक्यावर छप्पर नाही, त्यात पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, शुद्ध हवा आणि पाणी येते, असे सांगितले. हा खटला होता अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचा! आपल्याच लोकांच्या घरांवरून निघालेला हा निकाल आपण आपल्या इमारतीच्या गळतीसाठी किती वेळा वापरला?

म्हणून काही साधी कामे. वस्तीत दम्याची मुले किती आणि त्यांच्या घरात ओल कुठे, याची यादी करा. ओल बघणारे आणि आजार विचारणारे दोन वेगळे कार्यकर्ते ठेवा, प्लॅट यांच्यासारखे. भिंतीचे फोटो तारखेसह काढा. डॉक्टरांना कागदावर लिहून द्यायला सांगा की घरातली ओल या मुलाच्या त्रासात भर घालते आहे. तक्रार एकेकट्याने तोंडी न करता सगळ्या मजल्याने मिळून लेखी करा आणि पोच घ्या. महानगरपालिका निवडणुकीत उमेदवाराला विचारा, की ओलीच्या तक्रारीवर किती दिवसांत तपासणी होईल, तो आकडा सांग. आणि हे सगळे होईपर्यंत पोराचा पंप बंद करू नका. पंपाची सवय लागते असे सांगणाऱ्या शेजारणीपेक्षा डॉक्टरांचे ऐका.

आणखी एक काम आपल्या स्वतःपासून सुरू करायचे आहे. आपल्यातलेच शिकलेले, बाहेर पडून फ्लॅटमध्ये गेलेले काहीजण वस्तीत परत येतात तेव्हा नाकाला रुमाल लावून म्हणतात, "आपले लोक स्वच्छ राहतच नाहीत." पुढच्या वेळी हे वाक्य ऐकले की त्यांना त्या खोलीत न्या आणि पलंग भिंतीपासून ओढायला सांगा. मागे जे काळे दिसेल ते कुणी बांधले, कुणी मंजूर केले आणि कुणी दुरुस्त केले नाही, याची नावे शोधायला त्यांनाच सोबत घ्या. शिकलेल्या माणसाचा चळवळीला उपयोग तिथे आहे.